घरी परतलेल्या लोकलचा वेग शून्य कसा?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिच्या चाचणीत विचारलं होतं, ‘एक प्रवासी डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन पुन्हा डोंबिवलीला येतो. त्याचा सरासरी वेग किती?’ तिने अंतराला वेळेने भागलं आणि मार्क गेले. बरोबर उत्तर म्हणे शून्य! मी गेली अकरा वर्षं रोज हेच करते आहे. चेंगरून, घामाघूम होऊन घरी यायचं आणि वर वेग शून्य? दुसरं असं की, लोकल ताशी शंभरच्या घरात पळू शकते म्हणतात. मग या १५ किलोमीटरला स्लो गाडी माझ्या घड्याळात २२ मिनिटं का घेते?
– एक पालक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, पण ती भौतिकशास्त्रावर नको, शब्दांवर करा. घरात आपण ‘वेग’ म्हणतो तेव्हा मनात असते ती पुस्तकातली ‘चाल’. चाल काढताना पायाखालून गेलेला सगळा रस्ता मोजतात. वेग काढताना मोजतात ते विस्थापन, म्हणजे निघालात तिथून सरळ रेषेत किती लांब आणि कोणत्या दिशेला पोचलात ते. संध्याकाळी तुम्ही डोंबिवलीच्याच फलाटावर उतरलात, म्हणजे विस्थापन शून्य आणि म्हणून सरासरी वेगही शून्य. अकरा वर्षांच्या धक्क्यांची चालीच्या हिशेबात मात्र पै न पै नोंद आहे.

हा फरक मुलीला फळ्यापेक्षा खिडकीतून चांगला कळेल. कळव्याहून निघालेली स्लो लोकल पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेने मुंब्र्याला जाते आणि मग दिव्याला येते. हाच वळसा वाचवायला १९१६ साली डोंगराच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा काढला. २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत फास्ट लोकल त्यातूनच जायच्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर तो मेल-एक्स्प्रेससाठी राहिला. जुन्या प्रवाशांना डब्यात अचानक होणारा तो काळोख अजून आठवत असेल. नकाशावर पट्टी ठेवा, ठाणे ते डोंबिवली बाराच्या आसपास किलोमीटर भरतील. रूळ मात्र १५ किलोमीटर फिरवून आणतात. तुमची २२ मिनिटं धरली तर एका खेपेची सरासरी चाल ताशी ४१ किलोमीटर आणि सरासरी वेग साधारण ३३. गाडी तीच, वेळही तीच, पण उत्तरं दोन.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर मला हाच जास्त आवडला. गणित दिसलं की मुलं आधी सूत्र शोधतात आणि मग त्यात आकडे कोंबतात. त्याऐवजी आधी चित्र काढायला सांगा. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वेग. ठाण्याहून गाडी सुटली की रेघ तिरपी वर चढेल, मग काही वेळ सपाट राहील आणि कळवा जवळ आलं की तिरपी खाली उतरेल. चित्र झालं की विचारायचं, गाडीचा वेग नक्की कधी बदलतो आहे? त्या बदलाच्या दराला पुस्तकात ‘त्वरण’ असं जडजंबाल नाव आहे. आपण साध्या भाषेत ‘गाडीने वेग घेतला’ म्हणतो, तेच ते. शाळेत हा वाक्प्रचार आधी आणि ‘त्वरण’ मागून आलं असतं तर बरीच मुलं वाचली असती.

हिशेबाला सोपे पडतील असे आकडे घेऊ. दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढतो आणि ब्रेक लावल्यावर तेवढ्याच दराने कमी होतो. गाठायचा आहे ताशी ९० किलोमीटर. इथे ३.६ने भागायचं विसरू नये, निम्म्या चुका इथेच होतात. भागल्यावर येतात सेकंदाला २५ मीटर. शून्यावरून २५ गाठायला ५० सेकंद लागतात. या काळात सरासरी वेग साडेबारा, म्हणून कापलेलं अंतर ६२५ मीटर. थांबतानाही तितकंच. म्हणजे नुसतं ९० गाठून थांबण्यातच सव्वा किलोमीटर खर्ची पडतो. डोंबिवली सोडून लगेच ठाकुर्लीला थांबायचं असलं की गाडी जेमतेम रंगात येते तोच ब्रेक!

ठाणे ते डोंबिवली टप्पे पाच : कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. ते सारखे नाहीत, पण हिशेबापुरता प्रत्येक ३ किलोमीटरचा धरू. ३०००तून १२५० गेले, उरले १७५० मीटर. ते २५च्या वेगाने ७० सेकंदांत संपतात. एका टप्प्याला १७० सेकंद. पाच टप्पे आणि मधले चार थांबे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे धरले तर एकूण ९७० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांवर थोडंसं. न थांबता ताशी ९०ने गेली असती तर दहा मिनिटं लागली असती. ९०ची गाडी थांब्यांनीच ५६वर आणून ठेवली. तुमच्या २२मधली उरलेली सहा मिनिटं मुंब्र्याचं वळण, सिग्नल आणि दारात अडकलेली गर्दी यांच्या नावावर टाका.

चित्राचा आणखी एक फायदा असा की, सूत्र विसरलं तरी काम अडत नाही. रेघेखालचा आकार समलंब चौकोन आहे. खालची बाजू १७०, वरची ७०, उंची २५. क्षेत्रफळ काढा, ३००० येतं. तेच अंतर.

मुलीला एका रविवारी दुपारी, गाडी रिकामी असताना घेऊन जा. अर्धा मीटर दोऱ्याला घराची किल्ली बांधा आणि आत बाकावर बसून ती लोंबती धरायला सांगा. दारात अजिबात नको. गाडी सुटली की किल्ली मागे सरकेल. आपल्या हिशेबातल्या दराने गाडीने वेग घेतला तर सुमारे अडीच सेंटिमीटर. ब्रेकला ती पुढे जाईल. मधल्या सरळ, सपाट पट्ट्यात गाडी ९०ने धावत असताना मात्र ती घरातल्या खुंटीला टांगल्यासारखी सरळ लोंबेल. डोंबिवलीला उतरल्यावर कोणत्या स्थानकानंतर ती सर्वांत जास्त मागे गेली ते आम्हाला जरूर कळवा.