हलते ओळखचित्र : काय बदलावे, काय बदलू नये

गावची शाळा, ग्रामपंचायत, दूधसंस्था, महिला बचत गट यांचे पुष्कळसे व्यवहार आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होऊ लागले आहेत. पूर्वी पत्राच्या माथ्यावर संस्थेचे नाव आणि तळाशी स्वाक्षरी व शिक्का असे. आज त्यांचे काम नावाशेजारचे बोटाच्या पेराएवढे चित्र आणि मजकुराखालची अरुंद चित्रपट्टी करू लागली आहे. पहिल्यास या लेखात आपण ‘ओळखचित्र’ म्हणू, दुसऱ्यास ‘स्वाक्षरीपट्टी’. बेळगाव-निपाणी भागात वाचकाच्या डोळ्यांसमोर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपी रोज येतात. तेथे निरोप कोणाचा, हे पुष्कळदा अक्षरांपूर्वी चित्रावरूनच ओळखले जाते.

म्हणूनच हे चित्र कसे करावे, त्यात फेरफार कसा करावा आणि त्यास गती कशी द्यावी, हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. शिक्षक, ग्रामसेवक व विद्यार्थी यांना उपयोगी पडावे या हेतूने त्याची मूलतत्त्वे येथे दिली आहेत. या सर्व तत्त्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल : चित्रात काय बदलावयाचे हे ठरविण्याआधी काय बदलावयाचे नाही हे ठरवावे.

१. आपल्याकडील पूर्वपीठिका

चित्रास गती देण्याची ओढ आपल्याकडे नवी नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे गेल्यावर कुडाळजवळ पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या सावलीबाहुल्या या कला जतन केल्या आहेत. चित्रकथीत चित्र स्थिरच असते. निवेदक एकामागून एक चित्र पुढे करतो आणि त्याच्या आवाजाने कथा पुढे सरकते. कळसूत्री बाहुलीत धड स्थिर राहते व नेमका एखादा सांधा हलतो. थोडक्या हालचालीत पुष्कळ सांगण्याची ही रीत आहे. २०२१ साली पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना पद्मश्री देऊन या कलांचा गौरव करण्यात आला.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला. तत्पूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडेथोडे चित्रण करून अंकुराचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. काही आठवड्यांची ती वाढ पडद्यावर अल्पावकाशात घडून आलेली पाहून चित्रपटासाठी भांडवल मिळण्यास साहाय्य झाले. त्या प्रयोगात कॅमेरा स्थिर होता, कुंडी स्थिर होती. बदलत होते ते केवळ रोप. कॅमेरा रोज बोटभर जरी सरकला असता तरी प्रेक्षकांस वाढ न दिसता थरथर दिसली असती. पुढे १९१५ साली फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्यांस याच पद्धतीने चालते-बोलते केले.

निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः चित्रपटाचा कॅमेरा तयार केला व १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ते मुळात चित्रकार होते आणि चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते रंगवीत. कोल्हापुरातच १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने पुढे पुण्यास गेल्यावर, १९३४ साली, ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची पिढी घडविली. त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) बोधचित्रकार म्हणून देशभर नावाजले. तात्पर्य, या भागातील मुलास चित्रविद्या परकी नाही. साधन तेवढे नवे आहे.

२. गतीचा भास कसा होतो

किंचित भिन्न अशी चित्रे त्वरेने एकापाठोपाठ दाखविली असता ती वेगवेगळी न दिसता एकच वस्तू हलत असल्याचे भासते. जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे कारण ‘दृष्टिसातत्य’ असे दिलेले असे. १९१२ साली मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी या भासाचा पद्धतशीर अभ्यास केला. तेव्हापासून डोळ्याइतकेच मेंदूच्या अर्थ लावण्याच्या शक्तीला महत्त्व दिले जाते. बोलपटात सेकंदास २४ चित्रे दाखवितात. ओळखचित्रास मात्र एवढ्या चित्रांची गरज नसते. सेकंदास आठ-दहा चित्रेही पुरतात.

३. मूळ चित्राची तयारी

प्रथम चित्र चौरस कातरून घ्यावे. एकच ठळक आकृती निवडावी. शाळेची इमारत, ध्वजस्तंभ, विद्यार्थी आणि बोधवाक्य हे सर्व एका पेराएवढ्या जागेत कोंबल्यास त्यातील काहीच दिसत नाही. चित्र पुरते की नाही, हे पाहण्याची सोपी कसोटी अशी : भ्रमणध्वनी हातभर अंतरावर धरावा आणि चित्र काय आहे हे सांगता येते का ते पाहावे. न आल्यास तपशील कमी करावा. आकृती व पार्श्वभूमी यांत उजेड-अंधाराचा स्पष्ट फरक असावा. केवळ रंग भिन्न असून भागत नाही, कारण काही व्यक्तींना तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाही.

मूळ चित्र जपून ठेवून त्याच्या प्रतीवरच काम करावे, हा नियम कधीही मोडू नये.

४. बैलाचा कान : एक पाठ

ज्येष्ठात येणाऱ्या कर्नाटकी बेंदराला या भागात मातीच्या बैलांची पूजा होते. त्या निमित्ताने शाळेने बैलाचे हलते चित्र करावयाचे ठरविले असे समजू. विद्यार्थ्यांना प्रथम वाटते की बैल धावला पाहिजे. तथापि चार पायांची चाल रेखाटणे हे अनुभवी चित्रकारासही कठीण असते. त्याऐवजी बैल उभाच ठेवावा आणि त्याचा एक कान हलवावा.

यासाठी गोठ्यात जाऊन पाच मिनिटे बैल पाहावा. ध्यानात येईल की कान सारखा हलत नाही. तो बराच वेळ निश्चल असतो. माशी बसताच झटकन पुढे येतो आणि त्या मानाने सावकाश मागे जातो. गतीचे सारे रहस्य या विषम कालगणनेत आहे. सर्व चित्रांना सारखाच वेळ दिल्यास कान घड्याळाच्या लंबकासारखा डुलतो आणि बैल खेळण्यातला वाटतो.

आता सहा चित्रे काढावीत. पहिला कागद खिडकीच्या काचेवर धरून त्यावर दुसरा ठेवल्यास खालची रेघ उजेडात दिसते. त्यावरून बैल जसाच्या तसा गिरवावा व केवळ कान बदलावा. मग भ्रमणध्वनी दोन विटांच्या आधाराने पक्का ठेवून सहाही कागद एकाच जागी, एकाच उजेडात टिपावेत. मध्येच ऊन-सावली झाल्यास चित्र लुकलुकते, हे ध्यानात ठेवावे.

गिम्प हा विनामूल्य चित्रसंस्कार कार्यक्रम संगणकावर असल्यास ही सहा चित्रे त्यात एकावर एक थर म्हणून ठेवता येतात. सर्वांत खालचा थर प्रथम दिसतो. प्रत्येक थराच्या नावापुढे तो किती काळ दिसावा हे लिहिता येते. शेवटी चित्र जीआयएफ या प्रकारात साठवावे. पुढील कालमान करून पाहण्यासारखे आहे :

पहिले चित्र, कान स्थिर : १.२० सेकंद
दुसरे व तिसरे, कान पुढे येताना : प्रत्येकी ०.०८ सेकंद
चौथे, कान पूर्ण पुढे : ०.१२ सेकंद
पाचवे व सहावे, कान मागे जाताना : प्रत्येकी ०.१० सेकंद

एक फेरा १.६८ सेकंदांचा होतो. त्यांतील सुमारे पाऊण वेळ बैल स्वस्थ उभा आहे आणि म्हणूनच तो जिवंत वाटतो.

५. चित्राचे वजन

जीआयएफ हा प्रकार १९८७ साली प्रचारात आला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत चित्रांमधील कालावधी नोंदविण्याची सोय झाली. त्याच्या एका चित्रात अधिकात अधिक २५६ रंग मावतात. म्हणून रेखाचित्रास तो योग्य, छायाचित्रास तितकासा नाही. तसेच त्यात एखादा बिंदू पूर्ण पारदर्शक असतो किंवा मुळीच नसतो. अर्धपारदर्शक कडा त्यात टिकत नाही. पांढऱ्यावर सुबक दिसणाऱ्या चित्रास काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किनार दिसते, ती यामुळेच. यासाठी चित्रास प्रारंभीच एक सपाट पार्श्वरंग द्यावा.

वजनाचा हिशोब साधा आहे. आपले चित्र २०० बिंदू रुंद व २०० बिंदू उंच असल्यास एका चित्रात ४०,००० बिंदू होतात आणि सहा चित्रांत २,४०,०००. परंतु बैल एकदाच साठवून पुढील पाच चित्रांत कानापुरता ४० गुणिले ५० बिंदूंचा तुकडाच बदलला, तर ४०,००० अधिक १०,००० असे ५०,००० बिंदू पुरतात. म्हणजे साठवावयाचे बिंदू जवळजवळ एकपंचमांश झाले. गिम्पमध्ये जीआयएफसाठी काटकसर करण्याची आज्ञा आहे, ती हेच करते. कॅमेऱ्याने टिपलेल्या कागदांत मात्र स्थिर भागही किंचित भिन्न उमटतो. म्हणून पहिल्या चित्रातील बैल कायम ठेवून इतर चित्रांतील केवळ कान कातरून त्यावर बसवावा. जेथे संदेशवहन मंद आहे अशा वाडीवस्तीवर हा फरक तत्काळ जाणवतो.

६. अक्षरे

स्वाक्षरीपट्टीवर नाव घालताना देवनागरीची विशेष काळजी घ्यावी. काही कार्यक्रमांत पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षर फुटून पायमोडके दिसते, रफार भलतीकडे बसतो. ‘निपाणी’, ‘विद्यार्थी’ व ‘कर्नाटक’ हे तीन शब्द लिहून पाहिल्यास दोष लगेच कळतो. कन्नड ओत्तक्षरांचीही अशीच परीक्षा घ्यावी. युनिकोड पद्धतीचा टंक वापरावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. दोन्ही लिपींत नाव द्यावयाचे असल्यास ते एकाखाली एक व सारख्याच उंचीत द्यावे. अक्षरे शक्यतो हलवू नयेत. हलणारे नाव वाचता येत नाही आणि न वाचता येणारे नाव ओळख पटवीत नाही.

लुकलुकणाऱ्या चित्रांविषयी एक गंभीर सूचना आवश्यक आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालेत तांबडा व निळा प्रकाश वेगाने आलटून-पालटून दाखविण्यात आला. तो पाहून त्रास झालेल्या सुमारे ६८५ प्रेक्षकांना, त्यांत बहुसंख्य मुले, रुग्णालयात न्यावे लागले. अपस्माराची प्रवृत्ती असलेल्यांना अशी उघडझाप घातक ठरू शकते. म्हणून कोणतेही चित्र एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा चमकू देऊ नये.

७. मर्यादा कोठे आखावी

येथपर्यंत हस्तकौशल्याचा विचार झाला. चित्रात फेरफार करण्याची विद्या ज्यास येते, त्याच्यावर एक उत्तरदायित्वही येते. ओळखचित्र, शुभेच्छाचित्र, बोधचित्र यांत कल्पनेस मोकळीक आहे. परंतु जे छायाचित्र पुरावा म्हणून जोडावयाचे आहे, मग तो पूर्ण झालेला रस्ता असो, पोषण आहाराची पंगत असो वा पुराने पडलेली भिंत असो, त्यात वस्तू घालणे, पुसणे किंवा हलविणे सर्वथा वर्ज्य मानावे. उजेड थोडा वाढविणे वा तिरके चित्र सरळ करणे क्षम्य आहे. कातरणे मात्र वाटते तितके निरुपद्रवी नाही. रस्त्याचा खचलेला भाग चौकटीबाहेर गेला, तर चित्रातील प्रत्येक बिंदू खरा असूनही चित्र खोटे ठरते. पूरग्रस्ताची भिंत आणि तिची भरपाई अशाच एका छायाचित्रावर अवलंबून असू शकते. अशा वेळी मूळ प्रत दप्तरी असणे हाच त्याचा आधार होय.

दुसऱ्याचा चेहरा त्याच्या संमतीवाचून वापरू नये. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. संगणकसाधनाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-डी अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राजमुद्रेतील सिंहशीर्ष अनेक हौशी मंडळी ओळखचित्रात घालतात. शासनाशी संबंध असल्याचा भास निर्माण होईल असा तिचा अनधिकृत वापर २००५ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे. इतरांच्या कलाकृतीवर भारतात सामान्यतः कलावंताच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील असा हक्क आता उरलेला नाही. आजच्या चित्रकाराचे चित्र मात्र विचारूनच घ्यावे. सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः काढणे.

८. शाळेसाठी उपक्रम

संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. जुन्या वहीच्या शेवटच्या वीस पानांच्या कोपऱ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटे चित्र काढावे व पाने अंगठ्याखालून सोडावीत. विषय परिसरातील असावा : उघडणारी छत्री, रहाटाची बादली, उमलणारे जास्वंद, पडणारे पाणी. गोकाकच्या धबधब्याचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. धबधबा सतत वाहत असला तरी त्याचे चित्र तीन-चार पानांतच होते. कारण चौथ्या पानाचे पाणी जेथे पोहोचते तेथेच पहिल्या पानाचे पाणी सुरू होते. कडा हलत नाही आणि धार थांबत नाही.

उपक्रमाच्या अखेरीस शिक्षकांनी प्रत्येक मुलास दोन प्रश्न विचारावेत : तू काय हलविलेस? आणि काय हलू दिले नाहीस? पहिल्याचे उत्तर सर्वांना देता येते. दुसऱ्याचे उत्तर ज्यास विचारपूर्वक देता येईल, त्या विद्यार्थ्याच्या हाती पुढे कोणतेही साधन आले तरी तो त्याचा विवेकाने उपयोग करील, असा विश्वास वाटतो.