सुपरमॅन एकाच पोझमध्ये का उडतो?

प्रश्न : १९७८ चा ‘सुपरमॅन’ मी कॉलेजात असताना पाहिला होता. परवा नातवाबरोबर त्याच मालिकेतला चौथा भाग पाहिला. नट तोच, खलनायक तोच. पण सुपरमॅन दर वेळी एकाच पोझमध्ये उडत अंगावर येतोय असं वाटत राहिलं. नातू तर म्हणाला, “आजोबा, हे आत्ताच दाखवलं की!” हा आमचा भास आहे का? आणि संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीबाहेर न्यूयॉर्क इतकं सुनसान कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नातवाची नजर पक्की आहे. हात पुढे करून सुपरमॅन थेट कॅमेऱ्याकडे झेपावतो तो शॉट ‘सुपरमॅन ४’मध्ये पुन्हा पुन्हा वापरलेला आहे. मागचं दृश्य तेवढं बदलतं. जुन्या फोटो स्टुडिओत मागे कधी ताजमहालाचा पडदा असे, कधी काश्मीरचा. पुढे माणूस तोच, इस्त्रीचा शर्टही तोच. इथे पडद्याच्या जागी निळी भिंत आहे. निळ्या भिंतीपुढे नटाचं चित्रण एकदा झालं, की निळा रंग काढून टाकून त्याच्या मागे शहर, समुद्र, अवकाश असं काहीही जोडता येतं. ही युक्ती तशी जुनीच आणि बदनाम होण्यासारखं तिच्यात काही नाही. फक्त नटाच्या वेगवेगळ्या हालचाली टिपायला वेळ आणि पैसा लागतो, आणि या सिनेमाकडे दोन्ही नव्हते.

पहिल्या भागात उडण्यावर किती जीव ओतला होता ते आठवा. झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने त्यासाठी एक भन्नाट जोडणी केली होती. नटाच्या मागच्या पडद्यावर ढगांचं किंवा शहराचं चित्र टाकणारा प्रोजेक्टर आणि नटाला टिपणारा कॅमेरा, दोघांनाही झूम लेन्स, आणि दोन्ही झूम एकाच वेळी, एकाच मापाने फिरणारे. कॅमेऱ्याने झूम केलं की मागचं चित्रही मोठं दिसायला हवं. पण त्याच क्षणी प्रोजेक्टर ते चित्र तेवढंच लहान करतो. त्यामुळे आभाळ जिथल्या तिथे राहतं आणि पुढचा माणूस तेवढा मोठा होत जातो. नट जागचा हलतसुद्धा नाही, आणि आपल्याला वाटतं, हा आला, अगदी जवळ आला! जोडीला तारा होत्या, निळी भिंत होती आणि सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हचं स्वतःचं अंग होतं. वळताना खांदा किती झुकवायचा हे त्याला नेमकं कळत असे. त्या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला.

मग घोडं कुठे अडलं? तिसऱ्या भागानंतर निर्माते साल्काइंड पितापुत्रांकडून हक्क कॅनन फिल्म्सकडे गेले. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांची ही कंपनी एका वेळी डझनावारी सिनेमे काढत असे. रीव्हला पुन्हा तो झगा चढवायचा नव्हता. कॅननने त्याला दोन आमिषं दाखवली : त्याच्या आवडीचा ‘स्ट्रीट स्मार्ट’ हा छोटा सिनेमा काढू, आणि सुपरमॅनच्या कथेत तुझा हात राहील. पहिला शब्द कंपनीने पाळला. ‘स्ट्रीट स्मार्ट’मधल्या भूमिकेने मॉर्गन फ्रीमनला ऑस्करचं पहिलं नामांकन मिळवून दिलं. सुपरमॅनच्या वाट्याला मात्र कात्री आली. ठरलेलं अंदाजपत्रक होतं सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचं. चित्रीकरणाच्या तोंडावर ते १ कोटी ७० लाखांवर आलं. पहिल्या भागाला साडेपाच कोटी लागले होते, तेही जवळपास दहा वर्षांपूर्वी.

तुमच्या सुनसान न्यूयॉर्कचं उत्तर याच आकड्यात आहे. ते न्यूयॉर्क नाहीच. लंडनच्या वायव्येला मिल्टन कीन्स नावाचं आखीवरेखीव नवं शहर आहे. तिथलं रेल्वे स्टेशन आणि त्यापुढचा चौक म्हणजे तुम्ही पाहिलेली संयुक्त राष्ट्रं. रीव्हने १९९८ च्या आत्मचरित्रात या दृश्याबद्दलची हळहळ लपवलेली नाही. खऱ्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जी गर्दी, ज्या गाड्या दिसल्या असत्या, त्यांच्याऐवजी पावसाळी इंग्लंडात हाताशी होते शंभरेक गर्दीतले नट.

लोक सहसा या सिनेमाच्या कथेला हसतात. केस एकच, पण सुपरमॅनचा; त्यावरून खलनायक लेक्स लुथर ‘न्यूक्लिअर मॅन’ बनवतो आणि तो सावलीत गेला की गारठतो, म्हणून हसतात. चंद्रावरच्या मारामारीत मागच्या काळ्या पडद्याच्या चुण्या दिसतात, त्यालाही हसतात. चुण्यांना मीही हसलो. पण कथेच्या मुळाशी एका शाळकरी मुलाचं पत्र आहे : तुझ्या अंगात एवढी ताकद आहे, तर जगातले अणुबॉम्ब तू नष्ट का करत नाहीस? हा प्रश्न रीव्हला मनापासून विचारायचा होता, आणि १९८७ साली तो पोरकट अजिबात नव्हता. सिनेमा जुलैत लागला. त्याच डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडीत काढण्याच्या करारावर सह्या केल्या.

दोष मी देतो तो कथेच्या पुढच्या भागाला. सुपरमॅन सगळी क्षेपणास्त्रं एका भल्यामोठ्या जाळ्यात भरतो आणि सूर्यात भिरकावतो. ठीक. पण मग जगाचं काय होतं? कोणाला हायसं वाटतं, कोणाला भीती वाटते, कोण गुपचूप नवे बॉम्ब करायला घेतं? याचं उत्तर शोधायला धीर लागतो. तो न दाखवता सिनेमा एक चकचकीत पहिलवान पुढे आणतो आणि गुद्दागुद्दी सुरू होते. त्यात १३४ मिनिटांचा सिनेमा कापून दीड तासाचा केला, तेव्हा जे काही धागेदोरे उरले होते तेही तुटले. दिग्दर्शक सिडनी फ्युरी काही होतकरू नव्हता, ‘द इप्क्रेस फाइल’ त्याचाच. पण पैसे काढून घेतले कशातून, तर नेमके उडण्यातून! पुरणपोळी करायची आणि पुरणातच काटकसर करायची, असला हा प्रकार.

अमेरिकेत सिनेमाची कमाई दीड कोटी डॉलरच्या आसपास थांबली. रीव्ह पुन्हा सुपरमॅन झाला नाही, आणि सुपरमॅनचा पुढचा सिनेमा यायला १९ वर्षं लागली.

आता एक विनंती. पुढच्या वेळी नातवाच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि तो शॉट आला की रेघ मारायला सांगा. किती रेघा झाल्या ते आम्हाला जरूर कळवा.