गिऱ्हाइकांची वही मोबाइलवर घेताना

तायांनो, वैतरण्याहून विरारला सुकट-बोंबील नेणाऱ्या गटाची गिऱ्हाइकं बहुतेक मुलाच्या फोनमध्ये असतात. मुलगा कामावर गेला की ऑर्डरपण गेली! म्हणून गटासाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ॲप फुकट आहे. घरचाच नंबर टाकलात तर त्यावरचं साधं व्हॉट्सॲप बंद होतं, हे आधी घरी सांगा. (मी सांगायला विसरले, बोलणी खाल्ली.)

मग गिऱ्हाइकाच्या नावाला लेबल लावा: 'पैसे बाकी', 'माल दिला'. सगळी वही एका दिवसात नको, आधी उधारीवाले दहाच भरा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन अध्यक्ष आणि सचिव, दोघींकडेच ठेवा. कागदाची वही? दिवाळीपर्यंत चालूच ठेवा.