नेव्हीत निघालेल्या नातवास

राणीसावरगाव, ता. गंगाखेड



अग्निवीर म्हणून नेव्हीत तुझं नाव लागलं. रेणुकामातेला नारळ फोडून झाला, आजीने गल्लीभर पेढे वाटले. आता तू ओडिशात चिल्क्याला ट्रेनिंगला निघशील. त्याआधी चार गोष्टी लिहूनच देतो. समोर बसून सांगितल्या तर तू मोबाइलकडे बघशील आणि मी उगाच चिडेन.

पारावर मला अजून विचारतात, ‘आबा, एकाहत्तरला किती मारले?’ मी विक्रांतवर स्टोकर होतो. बॉयलर रूम जहाजाच्या पोटात. ४ डिसेंबर १९७१ ला आमच्या डेकवरून सीहॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली, पण मला त्यातलं एकही दिसलं नाही. विमान उडवणारं कॅटापल्ट आमच्याच वाफेवर चालायचं, तेवढा माझा वाटा. तेव्हा गावात आल्यावर फुशारकीच्या गोष्टी सांगू नको. ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खाली यंत्रांपाशी ड्यूटी असणाऱ्याला त्या बातमीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग धरता येत नव्हता. असं जहाज लढाईत न्यावं की नाही, यावर वरच्या पातळीवर बराच खल झाला. शेवटी नेलं. कॅप्टन स्वराज प्रकाशांपासून आम्हा पोरांपर्यंत सगळ्यांना तो तडा माहीत होता. कुणी झाकला नाही. किती वेगाने जायचं ते ठरलं. आमचं काम एवढंच, की गेजवरून नजर काढायची नाही आणि दाब, तापमान, पाण्याची पातळी वेळच्या वेळी वहीत चढवायची. आकडा वाईट आला तरी तोच लिहायचा. रात्री बारा ते चारच्या वॉचला डोळे मिटत असायचे, घामाने वहीचं पान ओलं व्हायचं, पण अंदाजाने आकडा टाकायचा नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तोवर हेच चाललं.

पुढच्याच वर्षी सुट्टीवर आलो तर गावात बाहत्तरचा दुष्काळ. विहिरी कोरड्या, बरड रानात ज्वारी वीतभर वर येऊन वाळलेली. तुझी पणजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. घरात मिलोची लाल भाकरी आणि पोरांना सुकडी. जिंकलेल्या देशाचा शिपाई मी, आणि घरातलं हे मला एका पत्रातही कुणी कळवलं नव्हतं. ‘पोरगं लांब आहे, कशाला जिवाला घोर,’ म्हणून. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: अडचणीपेक्षा झाकलेली अडचण घर बुडवते. आपल्या मराठवाड्यात कर्जापायी ज्यांनी जीव दिला, त्यांतल्या कितीकांच्या घरी कर्जाचा खरा आकडा माणूस गेल्यावर कळला.

आता तुझं. तुझी नोकरी चार वर्षांची. त्यानंतर शंभरातले फार तर पंचवीस कायम होतात. मला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसली, तुला या चार वर्षांवर बसणार नाही. हा तुझ्या बॉयलरचा तडा. तो आजच माहीत करून घे, म्हणजे चौथ्या वर्षी तोंड पाडून बसायची वेळ येणार नाही. पहिल्या वर्षी पगार ३०,००० धरला तरी हातात २१,००० येतील. कापलेले ९,००० सेवानिधीत जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. बाहेर पडताना व्याजासकट साडेअकरा लाखांच्या आसपास रक्कम मिळेल. त्यात लग्नाचा मांडव आणि बुलेट बसवू नको. जहाजावर यंत्राचं, वायरिंगचं, डिझेल इंजिनाचं जे काम मिळेल ते हाताने शीक आणि त्याचं प्रमाणपत्र घे. गावात परत आलास तरी पंप आणि ट्रॅक्टर तुझी वाट बघतच आहेत.

आणि शेती. ‘काही जमलं नाही तर शेती आहेच,’ असं तू मागे म्हणालास. ते मला आवडलं नाही. शेती ही हरलेल्याची जागा नाही. नेव्हीतून आल्यावर मी शेतातल्या आखाड्यावर पर्जन्यमापक बसवला आणि वही घातली. परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. शेजाऱ्याची तिफण चालली म्हणून माझी चालली नाही. वहीत आकडा आणि रानात वाफसा आला, की पेरणी. लोक हसले, पण दुबार पेरणीचं बियाणं कितीला पडतं ते त्यांनाही ठाऊक आहे. पाण्याचंही तसंच. जहाजावर चारी बाजूंनी समुद्र असतो, तरी गोडं पाणी मोजूनच मिळतं. बॉयलरचं पाणी आधी, आपली अंघोळ नंतर. बोअरवर बोअर पाडणाऱ्या आपल्या गावाला हा हिशेब शिकवायचा राहून गेलाय. तू आलास तर आधी शेततळ्याचं बघू.

आपल्या घरावर सोसायटीचं पीककर्ज आहे. किती, ते निघण्याआधी बापाला विचार. तो टाळेल, तरी विचार. आणि आईला तुझा पगार खरा सांग. चिल्क्याला पोचलास की एक वही घे. पगार, खर्च, शिकलेलं काम आणि चुकलेलं काम रोज त्यात लिही. चार वर्षांनी तिथे राहिलास तरी आनंद, इथे आलास तरी आनंद. पण येशील तेव्हा ती वही घेऊन ये, आणि तिच्यातला एकही आकडा खोटा नसावा.

तुझे,
आबा