सुनेचं कार्ड उघडून बघितलं का?

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले आणि मी गरोदरपणातल्या तपासण्यांचा विषय काढला. लगेच मागून एक मावशी म्हणाल्या, "अगं, आमच्या टायमाला कुठं होत्या तपासण्या? सकाळी खुरपायला गेलो, संध्याकाळी बाळंत झालो." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग सहज विचारलं, "मावशी, लेकरं किती तुम्हाला?" म्हणाल्या, "चार." "आणि झाली किती?" मावशी बोटं मोजायला लागल्या आणि सहाव्या बोटावर थांबल्या.

मग कुणी हसलं नाही. एकेक जण बोलायला लागली. कुणाचं सातव्या महिन्यात गेलं, कुणाचं जन्मल्यावर रडलंच नाही. एकीची जाऊ झटके येऊन गेली. घरचे बाहेरचं काहीतरी आहे म्हणून अंगारा लावत बसले होते.

म्हणून हा लेख. आपल्या गटात निम्म्याहून जास्त ताई आता सासूच्या वयाच्या आहेत. "आम्हाला काय करायचंय हे वाचून?" असं म्हणू नका. सुनेनं आज वावरात जायचं की तपासणीला, हे बऱ्याच घरात तुम्हीच ठरवता. माझं अजून लग्न झालेलं नाही, त्यामुळे "तुला गं काय कळतंय त्यातलं" हे मी जागोजागी ऐकून घेते. बाळंतपण मला माहीत नाही, खरंय. पण आरोग्यसेविका ताईंसोबत बसून कार्ड कसं वाचायचं ते शिकले आहे, आणि तेवढंच इथं सांगणार आहे.

नाव कधी घालायचं

पाळी चुकली की आशाताईकडे जायचं. तिच्याकडे लघवी तपासायचं किट असतं, पाच मिनिटांत कळतं. मग उपकेंद्रात नोंदणी होते आणि माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. ही नोंदणी बारा आठवड्यांच्या आत, म्हणजे तिसरा महिना सरायच्या आधी व्हायला हवी.

इथं आपल्याकडे एक अडचण आहे. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. ठीक आहे, गावाला सांगू नका. पण आशाताई म्हणजे गाव नाही. बाळाचे अवयव याच तीन महिन्यांत घडतात, आणि त्यासाठीची फॉलिक अॅसिडची गोळी याच दिवसांत घ्यायची असते. चौथ्या महिन्यात जाऊन ती मागितली तर तिचं मुख्य काम निघून गेलेलं असतं.

नोंदणीच्या वेळी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारतात. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. तारीख आठवत नसेल तर पोळा, पंचमी, बाजाराचा दिवस असं काहीतरी धरून सांगा, "माहीत नाही" म्हणू नका. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो.

एकूण तपासण्या कमीत कमी चार. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तिसरी सातव्या-आठव्यात, चौथी नववा लागल्यावर. ह्या कमीत कमी आहेत. त्रास असेल तर जास्त वेळा जायचं.

रक्त कशाकशासाठी काढतात

"इतकं रक्त काढलं, आधीच तिच्या अंगात नाही," ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते. काढतात ते दोन-तीन चमचे. त्यातून काय बघतात ते सांगते.

पहिलं हिमोग्लोबिन. ११ किंवा जास्त असेल तर चांगलं. ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. ७ च्या खाली गेलं तर ते गंभीर; तेव्हा नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात शिरेतून लोह द्यावं लागतं, कधी रक्त चढवावं लागतं. बाळंतपणात प्रत्येकीचंच रक्त जातं. ज्या बाईच्या अंगात १२ आहे ती ते सोसते. ज्या बाईच्या अंगात ६ आहे तिला तेवढ्यानंही जीव गमवावा लागू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन एकदाच नाही, प्रत्येक तपासणीला बघायचं असतं. कार्डावर आकडे एकाखाली एक असतात. ते चढतायत की उतरतायत एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

दुसरं, रक्तगट. आईचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ शकतो. त्यासाठी एक वेगळं इंजेक्शन असतं, अँटी-डी म्हणतात त्याला. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ते बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. सुनेचा गट निगेटिव्ह असेल तर घरातल्या प्रत्येकाला तो पाठ असला पाहिजे.

एचआयव्ही, गुप्तरोग (सिफिलिस) आणि बी प्रकारची कावीळ यांचीही तपासणी होते. ह्यावरून घरात भांडणं झालेली मी बघितली आहेत. "आमच्या सुनेवर संशय घेता काय?" अहो, ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची करतात, डॉक्टरीणबाई गरोदर असल्या तरी त्यांचीही. कारण हे आजार आईकडून बाळाला जाऊ शकतात आणि वेळेत कळलं तर बहुतेक बाळं वाचवता येतात. एचआयव्हीसाठी आईला औषधं सुरू करतात. सिफिलिसला पेनिसिलीनचं इंजेक्शन आहे. काविळीसाठी बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस देतात. तपासणी बाईला विचारून करायची असते आणि निकाल तिला एकटीला सांगायचा असतो. सासू म्हणून आपण तो मागायचा नाही. आणि निकाल काहीही आला तरी नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी, एकट्या सुनेकडे बोट दाखवून चालत नाही.

साखरेची तपासणी थोडी वेगळी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायला देतात आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. जेवून गेली असली तरी चालते. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. एकदा नोंदणीच्या वेळी आणि परत सहाव्या-सातव्या महिन्यात करतात. त्या दिवशी दोन तास थांबावं लागतं. "बस जाईल" म्हणून मधेच निघून आलं तर तपासणी वाया. बरोबर कुणीतरी जा आणि गप्पा मारत बसा.

बीपी आणि लघवी

माझ्या वहिनीला आठवा महिना चालू होता. पाय सुजले होते, बांगड्या हाताला घट्ट झाल्या, तोंडही सुजल्यासारखं दिसायचं. शेजारच्या म्हणाल्या, "दिवस भरत आलेत, पाणी उतरलंय, होतंच." आई पण तेच म्हणाली. मी तेव्हा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते, मला काही कळलं नाही, हे मी लपवत नाही. एक दिवस तिचं डोकं असं दुखायला लागलं की डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले. आशाताई आल्या, उपकेंद्रात नेलं, बीपी १६० वर ११० निघालं. १०८ बोलावली, जिल्ह्याला नेलं, त्याच रात्री सिझर झालं. बाळ पावणेदोन किलोचं. तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आता अंगणवाडीत जातं आणि सगळ्यांना पिडतं.

नंतर मी तिचं कार्ड उघडून बघितलं. त्याआधीच्या दोन तपासण्यांना बीपीची जागा कोरी होती. वजन लिहिलेलं, गोळ्या दिल्याची खूण केलेली, बीपी कोरं. मशीन बिघडलं होतं की गर्दी होती, कुणास ठाऊक. आम्ही कुणीच विचारलं नाही, कारण ते विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. बीपी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं. सोबत लघवीत प्रथिनं जात असतील तर ते आणखी धोक्याचं. त्यातूनच पुढं झटके येतात, जे आपल्याकडे मिरगी किंवा बाहेरची बाधा समजतात. बहुतेक वेळा बीपी वाढलेलं त्या बाईला काहीच जाणवत नाही, म्हणून ते मोजल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक तपासणीला बीपी आणि लघवी, दोन्ही. कार्डावर जागा कोरी दिसली तर भांडायचं नाही, पण उठायचंही नाही. "ताई, बीपी राहिलंय का हो?" एवढं विचारायचं.

पोट, वजन, सोनोग्राफी

पोटावर हात ठेवून बाळाची वाढ आणि ते आडवं की उभं ते बघतात, ठोके ऐकतात. ठोके मिनिटाला साधारण १२० ते १६० असतात. आपल्यापेक्षा जलद, घाबरू नका. वजन पूर्ण गरोदरपणात साधारण नऊ ते अकरा किलो वाढायला हवं. बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल म्हणून सुनेचं जेवण कमी करणाऱ्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

सोनोग्राफी पाचव्या महिन्याच्या सुमारास एकदा तरी व्हावी. बाळात काही व्यंग आहे का, वार कुठं आहे, जुळं आहे का हे त्यात दिसतं. मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही. १९९४ च्या कायद्यानं सांगणाऱ्या डॉक्टरवर आणि विचारणाऱ्या घरच्यांवरही गुन्हा दाखल होतो.

गोळ्या

चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, रक्तवाढीची, निदान १८० दिवस. रक्त कमी असेल तर दोन सांगतात. बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायची. कॅल्शियमच्या रोज दोन. ह्या दोन्ही गोळ्या एकावेळी घ्यायच्या नाहीत, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत आणि लाल गोळी रात्री जेवल्यावर, असं केलं की गोंधळ होत नाही. लाल गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळी होते, ते लोहामुळे, त्यात काही वाईट नाही. मळमळ होते म्हणून गोळ्या डब्यात साठवणाऱ्या सुना मला दर गावात भेटतात. रागावू नका. आशाताईला सांगा, वेळ बदलून बघता येते. धनुर्वाताची इंजेक्शनं दोन, महिन्याच्या अंतरानं. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर एकदा.

कोयत्याला जाणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर आपल्या गावातून टोळ्या निघतात. गरोदर बाई असेल तर कपड्याच्या गाठोड्याआधी कार्ड घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. फडाच्या गावालाही आशाताई असते, उपकेंद्र असतं. ते कार्ड दाखवलं की पुढची तपासणी तिथंच होते, नव्यानं काही सुरू करावं लागत नाही. निघण्याआधी इथल्या आशाताईकडून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. मुकादमाचा खाडा कापला जातो हे मला माहीत आहे. तरी महिन्यातून एक दिवस. ९ तारीख धरा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, राज्यात कुठंही. कार्डावर लाल स्टिकर लावलं असेल तर ते जोखमीचं बाळंतपण. अशा बाईला शक्यतो कोयत्याला नेऊच नका.

सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझर, जेवण आणि १०२ ची गाडी मोफत आहे. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, त्यामुळे सुनेचं खातं आणि आधार आधीच जोडून घ्या.

आणि तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच न्यायचं ते कधी: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, जोराची डोकेदुखी, अंधारी किंवा धूसर दिसणं, तोंड-हात सुजणं, झटके, ताप, बसल्याजागी दम लागणं, पोटात जोराचं दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. रात्र असली तरी १०८ लावायची.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्या घरात गरोदर सून किंवा लेक आहे त्यांनी तिला कार्डासकट घेऊन या. आरोग्यसेविका ताई येणार आहेत, बीपीचं मशीनही आणणार आहेत. सहा लेकरांच्या त्या मावशींनी सांगितलंय, त्यांची धाकटी सून पाचव्या महिन्यात आहे, आणि तिला त्या स्वतः घेऊन येतील.