दशांशचिन्हापुढील अंक आणि नव्या भौतिकीचा शोध

मूलकणांच्या भौतिकीत निसर्गाचे नवे नियम दोन मार्गांनी हाती लागू शकतात. पहिला मार्ग थेट आहे. प्रचंड ऊर्जेच्या टकरी घडवून पूर्वी न दिसलेला कण निर्माण करावयाचा. २०१२ मध्ये सर्न येथे हिग्ज बोसॉन असाच सापडला. दुसरा मार्ग अप्रत्यक्ष असून त्यात ज्ञात कणाचा एखादा गुणधर्म कमालीच्या अचूकतेने मोजतात, तितक्याच अचूकतेने तो सिद्धांतावरून काढतात आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवतात. ते जुळले नाहीत तर गणितात न धरलेले काहीतरी निसर्गात असले पाहिजे. परीक्षार्थींच्या वाचनात पहिला मार्ग पुष्कळदा येतो. दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

या दुसऱ्या मार्गाचा आधार म्हणजे पुंजयामिकीतील आभासी कण होत. जो कण निर्माण करण्याइतकी ऊर्जा यंत्रात नाही, तोही अत्यल्प काळ अस्तित्वात येऊन मोजल्या जाणाऱ्या राशीवर आपला ठसा उमटवतो. सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लेप यंत्राला टॉप क्वार्क निर्माण करता येत नव्हता. तरीही तेथील सूक्ष्म मापनांवरून त्याचे वस्तुमान कोणत्या मर्यादेत असावे याचा अंदाज बांधला गेला. १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये तो सापडला, तेव्हा त्याचे वस्तुमान त्याच मर्यादेत निघाले. या शोधातील दोन प्रयोगांपैकी 'डी-झीरो'मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी होती.

उणे चिन्हाची गोष्ट

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्यूऑनचे आहे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, परंतु त्याच्या सुमारे २०७ पट जड कण असून तो सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार अशा कणाच्या चुंबकीय परिबलाशी निगडित 'जी' हा गुणक नेमका २ असावयास हवा. आभासी कणांमुळे तो २ पेक्षा किंचित अधिक भरतो. ही पहिली दुरुस्ती ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढली. जड आणि अज्ञात कणांचा परिणाम वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने म्यूऑन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ४३,००० पट संवेदनशील ठरतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने या गुणकाचे मापन जाहीर केले. सिद्धांताशी त्याची तफावत २.६ सिग्मा होती. शोध म्हणावयास ५ सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. तरीही नव्या भौतिकीची चाहूल लागल्याचे अनेकांना वाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधील मार्क क्नेख्ट आणि आंद्रेआस निफेलर यांनी दाखवून दिले, की सैद्धांतिक गणितातील एका छोट्या पदाचे चिन्ह चुकले आहे. अधिकाच्या जागी उणे पडले होते. मूळ गणित करणाऱ्यांनी तपासणी करून चूक मान्य केली आणि तफावत १.६ सिग्मांवर आली. प्रयोगातील एकही आकडा बदललेला नव्हता.

पुढे अधिक मापने जमा झाली आणि तफावत पुन्हा वाढली. ब्रुकहेवनचे चुंबकीय कडे २०१३ मध्ये फर्मिलॅबला नेण्यात आले. ७ एप्रिल २०२१ रोजी तेथील पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा एकत्रित तफावत ४.२ सिग्मा होती. योगायोग असा, की त्याच दिवशी सैद्धांतिक मूल्य प्रयोगाच्या पुष्कळ जवळ आणणारे एक वेगळे गणितही प्रकाशित झाले. प्रबल बलाचा वाटा कागदावर सोडवता येत नाही. तो पूर्वी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मापनांवरून काढीत. नव्या गणितात अवकाश-काळाचे बारीक जालक कल्पून महासंगणकावर तो थेट काढला होता. २०२३ मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क येथील मापनही जुन्या मापनांशी जुळेना. अखेर मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जालक पद्धतीवर आधारलेले मूल्य स्वीकारले, आणि जून २०२५ मध्ये फर्मिलॅबचे अंतिम मापन १२७ अब्जांश इतक्या अचूकतेने आले. तफावत उरली नाही. सिद्धांताची अनिश्चितता मात्र आज मापनाच्या सुमारे चौपट आहे, म्हणजे आता मागे पडले आहे ते गणित.

पुण्याच्या कन्येचे योगदान

नव्या कणाचा माग काढताना आणखी एक गणित आवश्यक असते, ते म्हणजे ज्ञात प्रक्रियांमुळे होणाऱ्या गोंगाटाचे. या क्षेत्रात डॉ. रोहिणी गोडबोले यांचे नाव जगभर घेतले जाते. १९५२ मध्ये पुण्यात जन्मलेल्या गोडबोले यांचे शिक्षण हुजूरपागा, सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि आयआयटी मुंबई येथे झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९९५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाण्यापूर्वी त्या मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत होत्या.

त्या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या सरळ रेषेतील टकरींची यंत्रे आखली जात होती. वर्तुळाकार मार्गावर इलेक्ट्रॉन वळताना ऊर्जा उत्सर्जित करतो. ऊर्जा वाढवत नेल्यास हे नुकसान परवडत नाही, म्हणून सरळ मार्ग. परंतु तेथे कणांचे गुच्छ एकदाच समोरासमोर येतात, त्यामुळे पुरेशा टकरी मिळविण्यासाठी ते काही नॅनोमीटरइतके चपटे करावे लागतात. इतक्या दाट गुच्छांचे विद्युतचुंबकीय क्षेत्र एकमेकांना वाकवते आणि मोठ्या प्रमाणावर फोटॉन बाहेर पडतात. १९९१ मध्ये मान्युएल ड्रीस आणि गोडबोले यांनी दाखवले, की हे फोटॉनही एकमेकांवर आदळतात आणि उच्च ऊर्जेला फोटॉन क्षणभर क्वार्कमध्ये रूपांतरित होत असल्याने त्यांच्या टकरी दोन प्रोटॉनांच्या टकरींसारख्या वागतात. काही आराखड्यांत प्रत्येक खऱ्या घटनेवर असल्या हॅड्रॉनांचा थर चढला असता आणि जो कण शोधण्यासाठी यंत्र बांधावयाचे तोच त्यात हरवला असता. यंत्रे कागदावर असतानाच हे लक्षात आल्याने गुच्छांचा आकार व मांडणी ठरवताना हा घटक विचारात घेणे आराखडेकारांना भाग पडले. अशा यंत्रावर लागणारा खर्च पाहता या गणिताचे मोल वेगळे सांगावयास नको.

ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला अतिसममितीवरील ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरील 'लीलावतीज डॉटर्स' या २००८ च्या ग्रंथाच्या त्या सहसंपादक होत्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

भारत आणि सर्न

भारताला सर्नमध्ये २००२ मध्ये निरीक्षक दर्जा मिळाला आणि जानेवारी २०१७ पासून भारत सहयोगी सदस्य आहे. तेथील सीएमएस प्रयोगाच्या बाह्य हॅड्रॉन ऊर्जामापकाची उभारणी टाटा संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या सहभागाने झाली. २०२२ मध्ये फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने डब्ल्यू बोसॉनचे वस्तुमान ८०,४३३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याचे सांगितले. प्रमाणित प्रतिमानाशी त्याची तफावत तब्बल ७ सिग्मांची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएसने जवळजवळ तेवढ्याच अचूकतेने हे वस्तुमान ८०,३६०.२ असल्याचे जाहीर केले. हा आकडा प्रतिमानाशी जुळतो. दोन मापनांतील हा फरक कशामुळे, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.