तापानंतरचें हृदय

पावसाळा सुरू झाला म्हणजे वर्गांत रोज दोनचार जागा रिकाम्या दिसूं लागतात आणि मागाहून पालकांच्या चिठ्ठ्या येतात, 'ताप होता.' खरें सांगावयाचें तर या चिठ्ठ्यांकडे आम्ही शिक्षक किंचित् संशयानेंच पाहत आलों. ताप अंगावर काढून शाळेंत येणाऱ्या मुलाचें आम्हीं कौतुकहि केलें आहे. तें चुकीचें होतें, हें येथें कबूल करणें भाग आहे.

इन्फ्ल्युएंझा बहुतेकांस पांचसात दिवस निजवून सोडून देतो. १९१८ सालच्या सांथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं व त्यांत ऐन तारुण्यांतील माणसांचा भरणा मोठा होता. बहुतेक मृत्यु फुप्फुसें बिघडून झाले. परंतु क्वचित् हा विकार हृदयाच्या स्नायूसच गांठतो. या दाहास डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात. आपण हृत्स्नायुदाह म्हणूं.

विद्यार्थिमित्रहो, हृदय हा एक स्नायूच आहे. तो दिवसांतून सुमारें १ लक्ष वेळां आकुंचन पावतो, व त्यास रविवारची सुटी नाहीं. हात मुरगळला तर तो गळ्यांत बांधून ठेवतां येतो. हृदयाची तशी सोय नाहीं. विषाणूंचा नाश करण्याकरितां शरीराचें रक्षकदळ धांवून येतें, आणि या धुमश्चक्रींत स्नायूच्या पेशीहि मारल्या जातात. स्नायु सुजतो, त्याचें आकुंचन दुबळें होतें, आणि ठोक्यांची आज्ञा वाहून नेणारी वाटहि कधीं अडते. दाह तीव्र असल्यास काल खेळणारें मूल एकदोन दिवसांत मरणाच्या दारीं पोंचतें. २००९ सालच्या सांथींत अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें अशीं चार बालकें आढळलीं, व पुढल्या वर्षीं डॉक्टरांनीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला.

मातांनीं ध्यानांत ठेवावें कीं, मूल 'छातींत दुखतें' असें सांगेलच असें नाहीं. पुष्कळदां त्याचें पोट दुखतें, वांत्या होतात, आणि घरांत अपचन समजून ओवा दिला जातो. ताप उतरत असतांहि नाडी फार जलद चालत असेल, निजल्या निजल्या धाप लागत असेल, हातपाय गार पडले असतील, लघवी कमी झाली असेल किंवा उभें राहतांच भोंवळ येत असेल, तर सकाळची वाट न पाहतां मोठ्या इस्पितळांत न्यावें. घरांत पडलेली ॲस्पिरिन मुलांस देऊं नये. तिच्यानें यकृत व मेंदू यांस निराळाच धोका संभवतो. विषाणूचें रूप पालटत असतें, म्हणून लसहि दरवर्षीं टोचावी लागते.

अत्यवस्थ मुलाकरितां एक्मो नांवाचें यंत्र आहे. नळीवाटे रक्त बाहेर घेऊन, त्यांत प्राणवायु मिसळून तें पुन्हां शरीरांत सोडण्याचें काम तें कांहीं दिवस करतें. १९७५ सालीं डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनीं कॅलिफोर्नियांत एका नवजात बालिकेस याच उपायानें वांचविलें. तिचें दुखणें फुप्फुसांचें होतें. हृदयरोग्यास त्याचा लाभ असा कीं, जी विश्रांति हृदयास जन्मांत मिळत नाहीं ती थोडीफार मिळते. नवल हें कीं, या भयंकर दाहांतून जीं मुलें तरतात त्यांपैकीं पुष्कळांचें हृदय पूर्ववत् काम करूं लागतें.

मात्र घरीं आल्यावर ३ ते ६ महिने धांवणें, पोहणें, कबड्डी सर्व बंद, आणि मैदानावर परतण्यापूर्वीं पुन्हां तपासणी. कारण सुजलेलें हृदय जोराच्या श्रमांत एकाएकीं थांबूं शकतें. साध्या तापांतून उठलेल्या मुलासहि धाप लागत असेल तर त्यास कवायतींत उभें न करतां सावलींत बसवावें व घरीं निरोप धाडावा, असें आम्हीं कवायतीच्या मास्तरांस कळविलें आहे.